फ्रिओ पाउच: इन्सुलिनचा माठ महोत्सवात कितपत उपयोगी?

बर्फ नको, वीज नको, फ्रिज नको. फ्रिओच्या पाउचमध्ये पाणी शोषून फुगणारे दाणे असतात. त्यांचं जेल होतं, त्यातलं पाणी हळूहळू उडतं आणि आतलं इन्सुलिनचं पेन गार राहतं. तत्त्व माठाचंच. 37.8 अंशांच्या उन्हाळ्यातही किमान 45 तास आतलं तापमान 18 ते 26 अंशांत राहतं, असा उत्पादकाचा दावा आहे. देशावरच्या कोरड्या हवेत तो पटण्यासारखा आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर मात्र एवढी आशा धरू नका: दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, म्हणून तिथे माठही नीट गार होत नाही.

लहान पाउच साध्या पाण्यात पाच-सात मिनिटं बुडवायचं, टॉवेलनं टिपायचं, मग बाहेरच्या कव्हरात घालायचं. जास्त वेळ बुडवलं तर जेल इतकं फुगतं की पेन आत शिरतच नाही. भिजलेलं पाउच फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ते प्लास्टिकच्या पिशवीत किंवा घट्ट चेनच्या कप्प्यात कोंबणं. हवा लागली नाही तर गारवा नाही. कापडी शबनम उत्तम. कव्हर किंचित ओलसर राहतं, म्हणून ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी वेगळी ठेवा.

आता खरा प्रश्न: सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला ते लागतं का? डिसेंबरात पुण्यात, मांडवाच्या सावलीत, बहुतेक वेळा नाही. लँटस किंवा नोव्होरॅपिडचं वापरातलं पेन 30 अंशांखाली 28 दिवस चालतं. धोका आहे तो उन्हात लावलेल्या स्कूटरच्या डिकीत आणि बंद गाडीत. नागपूरहून किंवा मुंबईहून येणाऱ्यांना प्रवासासाठी आणि पेनमध्ये घालायच्या इन्सुलिनच्या जास्तीच्या काडतुसांसाठी पाउच घेणं योग्य. मात्र हे फ्रिज नव्हे. नवं काडतूस आत ठेवलं की त्याचे दिवस मोजायला सुरुवात होते, तारीख मार्करनं लिहून ठेवा. बर्फाच्या पॅकपेक्षा पाउच निश्चितच बरं, कारण पॅकला चिकटून गोठलेलं इन्सुलिन वरून चांगलं दिसलं तरी निकामी झालेलं असतं.

एक गोष्ट मात्र कुठलंच पाउच सांभाळत नाही, ती म्हणजे वेळ. 30/70 मिश्र ह्युमन इन्सुलिन (जलद आणि संथ इन्सुलिन एकत्र) जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं. ते टोचून बसलात, तेवढ्यात विलंबित ख्याल सुरू झाला आणि उठवेना, की साखर उतरू लागते. आधी जेवणाचा डबा किंवा थाळी हाताशी येऊ द्या, जेवण नक्की कधी ते ठरवा, मग सुई. टोचण्याआधी पेन तळहातांत दहा वेळा फिरवून, दहा वेळा वर-खाली करून दुधी रंग एकसारखा करा आणि दोन युनिट हवेत सोडून बघा. सुई पेनवर लावून ठेवू नका, बुडबुडे शिरतात आणि डोस चुकतो.

साखर 70 च्या खाली गेली तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन सपाट चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. बोटाला जिलेबीचा पाक लागला असेल तर मीटर खोटा मोठा आकडा दाखवतो, आधी हात धुवा.

गोव्याच्या किनाऱ्यावरच्या महोत्सवात तासन्‌तास नाचणाऱ्यांची साखर पहाटेही उतरू शकते. दारू घेतली असेल तर यकृत साखर सोडायला कमी पडतं, त्यामुळे धोका आणखी वाढतो. झोपण्याआधी तपासा, सोबतच्याला सांगून ठेवा, आणि पाउच सावलीत, वारा लागेल असं टांगा. जेल आक्रसलं की पुन्हा भिजवायचं, एवढंच.

पुण्याच्या प्रवासासाठी पाचपैकी चार, गोव्याच्या किनाऱ्यासाठी अडीच.