हिवाळ्यात लाईन गेली तर: इन्व्हर्टर बरा की सोलर?

आमच्याकडे हिवाळ्यात लाईन दोन तऱ्हेने जाते. एक दोन-चार तासांची, तिचं कोणाला काही वाटत नाही. दुसरी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाल्याची. आमच्या बाजूची पाच-सहा घरं मोटारींच्याच डीपीवर आहेत. हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताला सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या, त्यात कोणी आकडा टाकला, की एखाद्या संध्याकाळी डीपीतून धूर निघतो. नवी येईपर्यंत चार दिवस लागतील की आठ, ते कोणी सांगत नाही. इन्व्हर्टर की सोलर हे ठरवायचं असेल तर आधी आपल्याकडे यातली कोणती लाईन जाते ते पाहा. दुकानदार हे विचारत नाही.

इन्व्हर्टर मी आधी घेतला. 12 व्होल्टची 150 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॉट-तास. त्यातले निम्मे, फार तर थोडे जास्त वापरावेत, नाहीतर बॅटरी लवकर बसते. हिवाळ्यात पंखे बंद, म्हणून 9 वॉटचे चार बल्ब आणि दोन मोबाईल एवढंच ओझं. पण इन्व्हर्टर स्वतःसुद्धा दहा-पंधरा वॉट खात बसतो, रात्रंदिवस. पहिली रात्र मजेत गेली. दुसऱ्या रात्री जेवणं उरकतात न उरकतात तोच अंधार, आणि कोपऱ्यातून टीं-टीं. आई म्हणाली, "हे कोनतं पाखरू वरडून रायलं बावा?" तिसऱ्या दिवशी कंदील निघाला.

थंडीचाही यात हात आहे. शिशाच्या बॅटरीची ताकद गारठ्यात उतरते. 8-10 अंशांवर दहा टक्के तरी कमी धरा. आणि आपल्याकडे पारा त्याच्याही खाली जातो, 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात 3.5 अंशांवर आला होता. माझी बॅटरी ओसरीत, गार फरशीवर. आता खाली पाट टाकून आत घेतली आहे, पण निजायच्या खोलीत नाही. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, हवा खेळती लागते.

सोलरचं याच्या उलट. 100 वॉटचा पॅनल आणि 12 व्होल्टची लहान बॅटरी हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात दिवसाकाठी 300 वॉट-तासांच्या आसपास देते. बल्ब-मोबाईलला तेवढं पुरतं, टीव्हीला ओढाताण होते. पण डीपी आठ दिवस आली नाही तरी रोजचं रोज भरतं, सगळा फरक इथेच आहे. थंड हवेत पॅनल उलट थोडा जास्त चालतो.

सावलीत मात्र मी फसलो. पॅनल मे महिन्यात बसवला, तेव्हा छतावर लख्ख ऊन. डिसेंबरात दुपारी बारालाही सूर्य साधारण 45 अंशांवरच राहतो, आणि दक्षिणेकडच्या कडुनिंबाची सावली थेट पॅनलवर आली. एका पट्टीवर सावली पडली तरी वीज बरीच घसरते. तेव्हा जागा डिसेंबरातच पाहा, तोंड दक्षिणेला ठेवा. तुरीच्या काढणीत थ्रेशरचा भुसा बसतो, तो फडक्याने पुसायचा. वानरांचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

बर्फ आपल्या नशिबी नाही, गारपीट आहे. चांगल्या पॅनलची काच 25 मिलिमीटरच्या गारेच्या माऱ्यावर तपासलेली असते, म्हणजे बोराएवढी गार झेलते. लिंबाएवढी आली तर हवाला देवाचा.

एक गैरसमज गावोगाव आहे. 2024 पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78 हजार अनुदान मिळतं, म्हणून लोक छतावर संच बसवतात आणि वाटतं की आता लाईन गेली तरी घर उजळेल. लाईनीला जोडलेला साधा संच लाईन जाताच स्वतःच बंद पडतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला झटका बसेल. बिल कमी करायचं असेल तर तो उत्तम. अंधारासाठी वेगळी बॅटरी लागतेच.

ऊब मात्र यातलं काहीच देत नाही. पाणी तापवायचा रॉड 1500 वॉटचा, घरगुती लहान इन्व्हर्टर त्यावर लगेच ट्रिप होतो. पाण्याला बंब किंवा चूल. तुराट्या भुर्रकन जळून जातात, पऱ्हाटीचा निखारा थोडा टिकतो, बाभळीचं लाकूड असेल तर पहाटेपर्यंत धग राहते. फक्त निखाऱ्याची शेगडी दार लावून खोलीत ठेवू नका. तिच्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. त्यापेक्षा दोन वाकळी पांघरा.

लाईन दोन-चार तासांचीच जात असेल तर इन्व्हर्टर घ्या, टीव्हीही चालेल. डीपी जळणारं गाव असेल तर सोलर. इन्व्हर्टर आधीच घरात असेल तर वेगळा सोलर संच घेऊ नका. त्याच बॅटरीला सोलर चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला बेताने देणारी पेटी) आणि दीडशे वॉटच्या आसपासचा पॅनल जोडा. मी शेवटी तेच केलं. कडुनिंबाच्या दोन फांद्या तेवढ्या छाटाव्या लागल्या. आई त्यावर दोन दिवस बोलली नाही.