रिव्हेट: एमएससी फिजिक्सवाल्यांनी शिकलंच पाहिजे असं सॉफ्टवेअर

पार्टिकल फिजिक्समध्ये प्रोजेक्ट करणाऱ्या नागपूरच्या पोरापोरींना एकच सांगणं आहे राजेहो, रिव्हेट शिकून घ्या, म्हणजे कणांच्या टकरींचं सिम्युलेशन खऱ्या प्रयोगाच्या डेट्याशी ताडून बघायचं सॉफ्टवेअर. युनिव्हर्सिटी कॅम्पसला असा, व्हीएनआयटीला असा नाहीतर एखाद्या कॉलेजात, याला ना क्लस्टर लागत ना सर्नचं अकाउंट, साधा लॅपटॉप पुरतो आणि सॉफ्टवेअर फुकट, सोर्स कोडसकट.

काम काय करते, तर पायथिया, हर्विग, शेर्पा या जनरेटरांनी (टकरी कॉम्प्युटरवर घडवणाऱ्या प्रोग्रॅमांनी) बनवलेले इव्हेंट, म्हणजे एकेका टकरीची नोंद, घेते, खऱ्या प्रयोगात लावलेले कट, म्हणजे निवडीच्या अटी, त्यांच्यावर लावते, हिस्टोग्राम भरते आणि पेपरमधल्या डेट्यासोबत एकाच प्लॉटवर दाखवते, खाली रेशोची पट्टी. डेटा हेपडेटावरचा, म्हणजे प्रयोगांचे छापलेले आकडे ठेवणाऱ्या वेबसाइटवरचा. तो बहुतेक अनफोल्ड केलेला असतो, म्हणजे डिटेक्टरमुळे पडलेला फरक प्रयोगवाल्यांनीच काढून टाकलेला, म्हणून आपल्याला डिटेक्टरचं सिम्युलेशन करायची गरज नाही. लॅपटॉपवर भागतं ते याच्यामुळेच.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे त्यांचा आग्रह, की जनरेटरच्या पोटात डोकावायचं नाही. रेकॉर्डमध्ये मधला क्वार्क लिहिलेला असला तरी शेवटी बाहेर पडलेल्या कणांवरूनच मोजायचं, काऊन का आतला हिशोब प्रत्येक जनरेटर आपापल्या पद्धतीनं लिहितो, आणि प्रयोगात तर तो दिसतच नाही. म्हणून पायथिया आणि हर्विगची तुलना खरंच सारख्या पायावर होते.

सुरुवातीला सर्नच्या एलईपी या जुन्या कोलायडरवरच्या अलेफ प्रयोगाचं १९९६ चं ॲनालिसिस घ्या. ९१.२ जीईव्हीला इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची टक्कर, म्हणजे प्रोटॉनचा गोंधळ नाही, चित्र स्वच्छ. त्यात थ्रस्ट बघा, म्हणजे इव्हेंट किती सरळ रेषेत आहे ते सांगणारा आकडा, इव्हेंट दोन सरळ जेटांचा (कणांच्या झोतांचा) असेल तर थ्रस्ट १ च्या जवळ, चहूकडे सारखा पसरला असेल तर ०.५ कडे. आता पायथियात फायनल स्टेट शॉवरचा (बाहेर पडणाऱ्या क्वार्कांतून ग्लुऑन फुटत जातात त्या भागाचा) अल्फा-एस, म्हणजे स्ट्राँग फोर्सची ताकद सांगणारा आकडा, डिफॉल्टला ०.१३६५ आहे, तो ०.११८ करा आणि परत चालवा, ग्लुऑन कमी फुटतात, इव्हेंट जास्त सरळ होतात आणि पसरलेल्या बाजूला सिम्युलेशनची रेघ डेट्याच्या खाली उतरते. पुस्तकात महिनाभर वाचलेलं क्यूसीडी, म्हणजे स्ट्राँग फोर्सचा सिद्धांत, इथे एका आकड्यानं हलताना दिसतं, आणि ट्यूनिंग म्हणजे असे आकडे फिरवून डेट्याशी जुळवणं, हे तेव्हा खरं डोक्यात शिरतं.

त्रास आहे तो इन्स्टॉल करायचा. हेपएमसी (इव्हेंट लिहायचा फॉरमॅट), फास्टजेट (जेट शोधणारं), योडा (हिस्टोग्रामचं) हे सगळं आधी लागतं, कंपाइल व्हायला वेळ लागतो आणि सगळे कोर लावले तर मेमरीही भरते, नागपूरच्या मे महिन्यात तर लॅपटॉपचा पंखा थांबतच नाही. सरळ डॉकरची इमेज, म्हणजे सगळं आधीच बसवलेलं तयार पॅकेज, घ्या, विंडोजवाल्यांनीही तेच करावं. ॲनालिसिसची नावंही नवख्याला कळत नाहीत, प्रयोग, वर्ष आणि मग लांब नंबर, त्यामुळे यादीत शोधताना पेपर बाजूला उघडा ठेवा. दुसरं म्हणजे इव्हेंट फाइलमध्ये साठवू नका, हेपएमसीच्या फाइली लवकरच जीबीत जातात, नेम्ड पाइप (डिस्कवर न साठवता डेटा पुढे सरकवणारी नळी) बनवून जनरेटरमधून थेट रिव्हेटला द्या.

स्वतःचं ॲनालिसिस लिहायचं असेल तर सी प्लस प्लस यायला पाहिजे, पण कोरा सांगाडा एका कमांडमध्ये बनवून मिळतो आणि आतमध्ये आधीच्या प्रयोगांचे शेकडो कोड वाचायला उघडे आहेत, त्यातलं एखादं साधं घेऊन ओळीओळीनं समजून घ्या, मग आपलं लिहायला बसा.