फ्लूनेट : फ्लू कधी ते सांगतं, किती ते नाही

फ्लूचा भार, म्हणजे ठरावीक लोकवस्तीत फ्लूचे गंभीर रुग्ण किती, हे मोजायला बसलेला माणूस सगळ्यात आधी जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्लूनेटवर जातो. १९९७ पासून चालू असलेली सेवा, फुकट, आणि प्रयोगशाळेत तपासलेल्या फ्लूच्या नमुन्यांचे आकडे देशवार, आठवडावार. मोसम ओळखायला पाचपैकी चार तारे. भार मोजायला एक, तोही उदार मनाने.

मोसमाचं काम ती खरंच छान करते. भारताची रेषा काढली की जुलै ते सप्टेंबरचा फुगवटा लगेच दिसतो, आणि त्या वर्षी फ्लूच्या विषाणूच्या एच१एन१ या उपप्रकाराचा जोर होता की एच३एन२चा तेही कळतं. लस पावसाळ्याआधी टोचायला हवी, हे सांगायला एवढं पुरतं. मात्र आकडा अख्ख्या देशाचा असतो. श्रीनगरला फ्लू जानेवारी ते मार्चमध्ये उसळतो, ते या रेषेत विरघळून जातं. पुण्याचा किंवा नागपूरचा आलेख इथे शोधू नका.

फाईल उतरवल्यावर तीन ठिकाणी हात भाजतो. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे, त्या आठवड्याची नोंदच आलेली नाही. एक्सेलमध्ये तिथे शून्य भरलंत की सरासरी कोसळते. उपप्रकारांचे रकाने आणि एकूण इन्फ्लुएन्झाचा रकाना एकत्र मिळवलेत तर तोच रुग्ण दोनदा मोजला जातो. आणि २०२० साली आठवडे ५३ होते, वर्षावर्षांची तुलना तिथे एका आठवड्याने सरकते.

खरी अडचण भाजकाची, म्हणजे रुग्ण किती लोकांमागे मोजायचे त्या संख्येची. किती नमुने तपासले, त्यात किती पॉझिटिव्ह, एवढंच इथे मिळतं. ते नमुने किती लोकवस्तीतून आले, हे नाही. राज्यवार एच१एन१ रुग्णांचे सरकारी आकडेही या कामाला तोकडेच. आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ‘अ’ आणि ‘ब’ या कमी गंभीर गटांतल्या रुग्णांची चाचणी करायची नसते, फक्त ‘क’ गटातल्या गंभीर रुग्णांची करायची. त्यामुळे आकडा वाढला तो फ्लू वाढल्याने की स्वॅब जास्त घेतल्याने, हे त्यावरून सांगता येत नाही.

भार काढायचा तर हिशेब रुग्णालयापासून सुरू होतो. ‘सारी’ची (श्वसनमार्गाचा तीव्र, गंभीर संसर्ग) व्याख्या काटेकोर पाळायची: ताप (३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, निदान तसा इतिहास तरी) आणि खोकला, दहा दिवसांच्या आत सुरू झालेला, आणि दाखल करण्याची गरज. समजा ठरावीक तीन लाख वस्तीतले ५२० सारी रुग्ण वर्षभरात दाखल झाले, २६० जणांचे स्वॅब घेतले, ३९ पॉझिटिव्ह आले. म्हणजे १५ टक्के, ५२० पैकी ७८. आता घरोघरी विचारून काढायचं, की या वस्तीतले सारीचे किती रुग्ण याच रुग्णालयात येतात. ४० टक्के येत असतील तर ७८ चे १९५ होतात, लाखामागे ६५. ही शेवटची पायरी गाळली की भार निम्म्याहून कमी दिसतो, कारण उरलेले रुग्ण गल्लीतल्या खासगी नर्सिंग होममध्ये असतात. पुणे जिल्ह्यात वढूला केईएम रुग्णालय संशोधन केंद्र गावोगावची लोकसंख्या सतत नोंदवत असतं. तशा जागी भाजक पक्का मिळतो. बाकी ठिकाणी जनगणनेवर भागवावं लागतं.

वरचा १५ टक्क्यांचा हिशेब मुद्दाम सोपा ठेवलाय. प्रत्यक्षात तो महिन्यामहिन्याचा करायचा आणि मग बेरीज. पावसाळ्यात कर्मचारी उत्साहाने स्वॅब घेतात, एप्रिलमध्ये विसरतात. वर्षाची एकच टक्केवारी लावली तर पावसाळ्याचा फ्लू एप्रिलच्या रुग्णांच्याही माथी मारला जातो. नमुना दोन ते आठ अंशांत ठेवून ७२ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा, नाहीतर उणे ७० अंशांत गोठवायचा. लांब सुट्टीला जोडून घेतलेले स्वॅब साध्या फ्रीजमध्ये पडून राहिले की निगेटिव्ह वाढतात, आणि ते निगेटिव्ह फ्लूनेटच्या रकान्यात इतरांसारखेच दिसतात.