भोकाचा पैसा आणि ‘दोन लाख ऐंशी हजारां’चं गिऱ्हाईक

परड्यात मेटल डिटेक्टर फिरवला, आवाज आला, खुरप्यानं चार बोटं माती उकरली आणि भोकाचा पैसा हाताला लागला. इथवर सगळं खरं असतं. लबाडी सुरू होते ती त्याचा फोटो ‘जुनी नाणी विकत घेतो’ अशा जाहिरातीखाली टाकल्यावर. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका घराचे अशाच एका पैशापायी 19,450 रुपये गेले. ते कसे गेले ते सांगायच्या आधी ही वस्तू काय आहे ते बघू, कारण एवढं माहीत असतं तर पहिल्याच फोनला विषय संपला असता.

भोकाचा पैसा 1943 ते 1947 या काळात निघाला. कांस्याचा, वजनाला सुमारे 2 ग्रॅम, व्यास सुमारे 21 मिलिमीटर. त्यावर राजाचा चेहरा नाही; मुकुट, इंग्रजीत इंडिया आणि साल आहे. दुसऱ्या बाजूला भोकाभोवती पानांची वेल. महायुद्धात तांब्याची टंचाई होती म्हणून टांकसाळीनंच मधलं तांबं वाचवलं. मुंबई, कोलकाता, लाहोर, इतकंच काय दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियातही हे पैसे पाडले गेले. म्हणजे काढले ते ढिगानं. पैसा म्हणजे पाव आणा, रुपयाचा चौसष्टावा भाग. लोक तो वॉशर म्हणूनही वापरायचे. म्हणून जुन्या घरात तो मातीपेक्षा तुळईच्या बोल्टाखाली सापडला तरी नवल नाही. झिजलेल्या पैशाला नाण्यांच्या बाजारात चहा-वड्याइतकी किंमत येते. लाखाची गोष्ट कुणी केली की तिथंच ओळखावं.

आता तो फोन. पलीकडचा माणूस आधी सालच विचारतो. तुम्ही 1944 सांगा नाहीतर 1945, उत्तर एकच: ‘सर, यही तो चाहिए था.’ भाव 2,80,000. लगेच व्हॉट्सॲपवर ओळखपत्र, शिक्का मारलेलं सर्टिफिकेट आणि नोटांची बंडलं मोजतानाचा व्हिडिओ येतो. मग नोंदणीचे 850 रुपये. रक्कम मुद्दाम एवढीशी ठेवतात. 2,80,000 पुढं 850 म्हणजे काय, असं कुणालाही वाटतं. दुसऱ्या दिवशी जीएसटीचे 3,600. तिसऱ्या दिवशी रिझर्व्ह बँकेच्या ना-हरकतीचे 15,000, ‘रिफंडेबल’. या घरानं तिन्ही भरले. चौथी मागणी टीडीएसची आली तेव्हा सुनेनं हात आखडला, आणि क्षणात भाषा बदलली: ‘पुरातन वस्तू दडवलीय, केस होईल.’

तीन हप्ते भरल्यावर चौथा भरावासा का वाटतो? आधीचे बुडतील या भीतीनं. सगळा धंदा या भीतीवर चालतो.

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशन कधी मागत नाही. खरा खरेदीदार नाणं हातात घेऊन, भिंग लावून, तिथंच पैसे देतो. विकणाऱ्यानं आधी भरायचं असं काही नसतं. ‘पैसे पाठवतो, स्कॅन करा’ म्हणून आलेल्या क्यूआर कोडचंही तेच. पैसे यायचे असतील तर यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.

धमकीतही दम नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात नाणं पुरावस्तू ठरायला किमान शंभर वर्षं जुनं लागतं. 1943 चा पैसा त्यात बसत नाही. गाडग्यात पुरलेला ठेवा निघाला तर मात्र गोष्ट वेगळी. 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत दडवलेल्या, 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते: काय, किती, कुठं आणि कधी सापडलं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सातवाहन काळचे अवशेष निघालेलं हे गाव आहे, त्यामुळं ही शक्यता हसण्यावारी नेऊ नये. आणि पन्हाळ्यावर किंवा कुठल्याही संरक्षित वास्तूत मशीन घेऊन जाऊ नये.

भोकाचा चांदीचा रुपया निघाला तर फसवणूक दुसरीच असते. हे भोक टांकसाळीचं नाही, माळेत ओवायला सोनारानं पाडलेलं. संग्राहकाच्या लेखी किंमत घसरते, चांदीचा भाव तेवढा उरतो. राणीछाप रुपया अख्खा असताना 11.66 ग्रॅम भरतो आणि चांदी 91.7 टक्के. भोकामुळं वजन कमी भरणारच, म्हणून नुसत्या वजनावर खरं-खोटं ठरत नाही. ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा छोटा काटा घ्या. रुपयाचं वजन लिहा. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेला रुपया पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. भोकात हवेचा बुडबुडा अडकला तर तो झटकून काढा. आता दिसेल त्या आकड्यानं वजनाला भागा. उत्तर 10.3 च्या आसपास आलं तर चांदी, 8.6 ते 8.9 आलं तर जर्मन सिल्व्हर किंवा तसलाच पांढरा धातू. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात जायच्या आधी घरीच होतं हे काम. चिंच-मिठानं घासून मात्र नेऊ नका, घासलेल्या नाण्याचा भाव आणखी पडतो.

तिसरे ‘गुप्तधन काढून देतो’ म्हणणारे. मशीन त्यांचं, जागा तुमची. लोखंडी वॉशर गोल असल्यानं त्यात विजेचे प्रवाह कडंकडेनं फिरतात आणि मशीन तांब्या-चांदीसारखं वाजतं. काळ्या दगडाची माती तर नुसतीच कुरकुरते. हे सगळे आवाज ‘हंडा’ म्हणून दाखवले जातात. विश्वास बसावा म्हणून आधी एखादा पैसा पेरूनही ठेवतात. तो निघाल्या निघाल्या भोक बघा. वर्षानुवर्षं पुरलेल्या पैशाच्या भोकात माती दाबून बसलेली असते, काडीनं टोकरावी लागते, आणि हिरवा कळंक नखानं निघत नाही. पेरलेल्याच्या भोकातली माती हलवली की गळते, आणि ओल्या कापसावर हिरवा रंग उतरतो.

पैसे गेलेच असतील तर तासाभरात 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. प्रत्येक हप्त्याचा बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, बँकेच्या मेसेजमध्ये असतो, तो जपून ठेवा. चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. पुढच्या महिनाभरात ‘तुमचे 19,450 परत मिळवून देतो, फी फक्त 2,000’ असा फोन येईल. तुमचा नेमका आकडा त्याला ठाऊक असतो, कारण नंबरांची यादी त्याच टोळीकडून आलेली असते.