बोरिक पावडर आणि सागाची माडी: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

मुंगळ्यांना आमिष म्हणून घातलेल्या बोरिक पावडरीला चार तारे द्यायचे होते, तीनच देतोय. चौथा नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, सुकला.

नागपूरच्या महाल भागातलं आमचं घर जुनं, वरची माडी अख्खी सागाची. तुळईच्या जोडातून मुंगळ्यांची रांग निघायची ती थेट साखरेच्या डब्यात. पेस्ट कंट्रोलवाल्या भाऊनं खाली पडलेला भुसा पाहिला, "उधई आहे" म्हणाला आणि वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट पुढे केलं. अरे बाप्पा, उधई म्हणजे वाळवी, ती लाकूड खाते, मातीच्या नळ्या करते. मुंगळे लाकूड खात नाहीत, ओलं-कुजकं पोखरून भुसा बाहेर फेकतात. एवढं ज्याला दिसत नाही त्याला पैसे काहून द्यायचे?

मेडिकलमधून बोरिक पावडर आणली, ५० रुपयांच्या आत. पेलाभर पाण्यात (२०० मिली) चार चमचे साखर, अर्धा चमचा बोरिक. जास्त नको. कामकरी मुंगी वाटेतच मेली तर राणीपर्यंत काही पोचत नाही. सुरुवातीला रांग दुप्पट होते, घरचे वैतागतात, पण पुसायचं नाही. जवळपास मुंग्या मारायच्या खडूची रेघही ओढायची नाही, मुंग्या तिकडे फिरकतच नाहीत.

आता माझं खरं दुखणं. मे महिन्यात पारा ४५ला आणि वरून कूलरचा झोत! सकाळी झाकणात ओतलेलं पाणी दुपारी पांढरी खपली. मुंगळे येऊन बघतात आणि परत जातात. व्हिडिओत सगळे कापसाचा बोळा दाखवतात, त्यांनी नागपूरचा मे काढलेला नाही. औषधाच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून वात घातली, तर साखरेनं वातच कडक. शेवटी रात्री कूलर बंद झाल्यावर ताजं ओतायचं, एवढाच उपाय. झोपेचं खोबरं झालं ते वेगळं.

पावसाळ्यात मत बदललं. हवेत ओल, त्यामुळे आमिष टिकतं. बारक्या लाल मुंग्या साखरेला तोंड लावेनात, त्यांना शेंगदाण्याच्या कुटात थेंबभर तेल आणि चिमूटभर बोरिक दिलं, फडशा. मुंगळे मात्र पुन्हा त्याच जोडातून. वर चढून पाहिलं तर छपराच्या फुटक्या कवेलूतून (कौलातून) गळून तुळई ओलीच. कवेलू बदलला, लाकूड वाळलं, रांग थांबली. म्हणजे श्रेय बोरिकला किती आणि कवेलूला किती, हे मी अजून ठरवलेलं नाही. तारे तेवढ्यासाठी वाढवत नाही.

घेणार असाल तर बाटलीवर ठळक "विष" लिहा आणि मुलांच्या, मांजराच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. उन्हातून आलेला पाहुणा ते साखरपाणी सरबत समजून उचलतो.