सहा शनिवार, चीन-जपान-कोरिया: शिक्षकांसाठीच्या मोफत वर्गाबद्दल

जूनमध्ये आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज आला होता. शालेय शिक्षकांसाठी पूर्व आशियाची ओळख, सहा शनिवार, दुपारी अडीच ते साडेपाच, फी नाही. जागा दक्षिण मुंबईतलं एक महाविद्यालय. शनिवारी आमची शाळा सकाळची असते, म्हणून लगेच नाव दिलं. लालबागच्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी २२ वर्षं इतिहास-भूगोल शिकवते. चीनबद्दल माझ्याकडे सांगायला काय होतं? सहावीला युआन श्वांग आणि पुढे १९६२चं युद्ध, बस. कोरिया तर मुलींच्या तोंडी असलेल्या गाण्यांतूनच कळलेला.

पहिल्याच शनिवारी वर्ग घेणाऱ्या सरांनी सुरुवात केली ती गिरणगावापासून. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांच्या सुताचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं चीन. पुढे जपानच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते गिऱ्हाईक ओढून नेलं. मात्र त्यांना लागणारा कापूस जात होता आपल्याच बंदरातून. त्या वाटेवर पी अँड ओसारख्या इंग्रज बोट कंपन्यांचं भाडं अवाच्या सवा. म्हणून १८९३मध्ये जमशेटजी टाटा आणि जपानची बोट कंपनी निप्पॉन युसेन कैशा यांनी हातमिळवणी करून मुंबई ते कोबे बोटी सुरू केल्या. पी अँड ओने भाडं पाडलं, टाटांच्या बोटी लवकरच बंद झाल्या, जपानी कंपनीची फेरी मात्र टिकली. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे पणजे याच गिरण्यांत साच्यावर उभे होते. हा धागा मला २२ वर्षांत कुणी दाखवला नव्हता, आणि मीही शोधला नव्हता.

अफूचा विषयही सरांनी टाळला नाही. माळव्याची अफू मुंबईहून चीनच्या कँटन बंदरात जायची आणि त्या पैशावर या शहरातल्या काही नावाजलेल्या घराण्यांची श्रीमंती उभी राहिली, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. १८३९ ते १८४२चं अफूचं युद्ध आणि इंग्रजांच्या हाती गेलेलं हाँगकाँग आपल्या गोदीपासून किती जवळ आहे, ते तेव्हा कळलं.

मला सगळ्यात आवडला तो तिसरा शनिवार. प्रत्येकाच्या पुढ्यात एक दगडी तबकडी, शाईची कांडी आणि ब्रश. तबकडीवर पाण्याचे चार थेंब टाकून कांडी गोल गोल फिरवायची, सहाणेवर चंदन उगाळतो तशी. शाई दाट होईपर्यंत दहा मिनिटं कुणी बोललं नाही. ब्रश उभा धरायचा, मनगट टेकवायचं नाही. आधी आडवी रेघ, मग उभी, मग डावीकडे आणि उजवीकडे एकेक फांदी, की झालं झाड. दोन झाडं म्हणजे वन, तीन झाडं म्हणजे दाट अरण्य. झाडाला टेकलेला माणूस काढला की विसावा. एकच अक्षर चिनी माणूस वेगळं वाचतो आणि जपानी वेगळं, पण अर्थ तोच. २ हा आकडा आपण 'दोन' वाचतो आणि इंग्रज 'टू', तसंच.

त्याच दिवशी कोरियाची लिपीही झाली. राजा सेजोंगने १४४३मध्ये ती तयार करवली आणि १४४६मध्ये जाहीर केली. उच्चार करताना जीभ तोंडात जशी वळते, त्यावरून काही व्यंजनांचे आकार घेतलेत. आपण कंठ्य, तालव्य, दंत्य अशी वर्णमाला शिकवतो. त्यामुळे मराठी शिकवणाऱ्या बाईंना ही लिपी सगळ्यांच्या आधी कळली.

पाचव्या शनिवारी खोलीबाहेर नेलं. आधी माझगावचं १९१९चं चिनी मंदिर, मग वरळीचं जपानी बौद्ध मंदिर. वरळीच्या मंदिरावरून बसने मी शेकडो वेळा गेले असेन. आत पहिल्यांदाच बसले आणि ढोलाच्या ठेक्यावर चाललेला मंत्र ऐकला. या मंदिराच्या पंथाचे संस्थापक फुजी गुरुजी १९३३मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते, हे तिथेच समजलं. येताना परळला जी. एस. मेडिकल कॉलेजसमोर थांबलो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथेच शिकले. १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि १९४२मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. त्यांच्या मुलाचं नाव यिनहुआ होतं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत. सगळ्या नोट्स इंग्रजीत. चाळीस शिक्षकांपैकी निम्मे मराठी किंवा उर्दू माध्यमाचे, ते सहाही शनिवार जवळजवळ गप्प बसले. वसईहून येणाऱ्या एका वयस्कर सरांनी मेजी काळातल्या, म्हणजे १८६८ ते १९१२च्या जपानमधल्या शाळांबद्दल मराठीत विचारलं, तर 'नंतर बोलू' असं उत्तर मिळालं, आणि ते नंतर काही आलं नाही. मला फार वाईट वाटलं. मेजी काळाचे दोन तास नुसत्या स्लाइड वाचण्यात गेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांनी वर्षाला ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलंय, पण इथलं प्रमाणपत्र आमच्याकडे त्यात धरलं गेलं नाही. अमेरिकेत १९९८पासून याच विषयावर शिक्षकांसाठी मोफत वर्ग चालतात, फ्रीमन फाउंडेशनच्या पैशावर. आपल्याकडे असा एखादा वर्ग निघाला, तर त्याचे तास निदान मोजले तरी जावेत.

तरीही जा, असंच मी सांगेन. आमच्या सातवीत एक नेपाळी मुलगा आहे. त्याला मुलं 'चिनी' म्हणून चिडवायची. मी रागवायचे, दोन दिवस बंद व्हायचं, मग पुन्हा सुरू. ऑगस्टमध्ये मी फळ्यावर झाडाचं अक्षर काढलं, सूत आणि कोबेची गोष्ट सांगितली, कोटणीसांचं सांगितलं. मधल्या सुट्टीत चार मुलं त्या मुलाच्या बाकाशी जाऊन विचारत होती, तुमच्याकडे झाडाला काय म्हणतात? तो म्हणाला, रूख. एकजण ओरडला, अरे, आपल्याकडेपण वृक्ष म्हणतात!

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. नोट्स मराठीत हव्यात म्हणून आम्ही सात जणांनी सह्यांचं पत्र दिलंय. उत्तराची वाट न बघता कोबेच्या बोटींचा पाठ मी आणि वसईच्या सरांनी गेल्या रविवारी मराठीत करायला घेतला. चार पानं झाली आहेत.