पावतीवर ‘देणगी’ लिहिलं होतं

आमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. शब्द मोजकेच: पाणी, गाडी, नको. गेल्या वर्षी त्याचं मनगट चावणं इतकं वाढलं की हाताला घट्टे पडले. रात्री उठून भिंतीवर डोकं आपटायचा. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत शिफ्टला, घरात मी आणि सासूबाई. एकदा दार उघडं राहिलं आणि तो थेट रंकाळ्याच्या काठावर सापडला. त्या दिवसापासून मी निवासी केंद्र शोधायला लागले. ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांना याचं कारण सांगावं लागणार नाही.

शहरापासून तासाभरावर एक केंद्र मिळालं. अंगण स्वच्छ, झोपाळा, भिंतीवर फ्रेममध्ये सर्टिफिकेटं. तिथले सर म्हणाले, “ताई, सहा महिन्यांत वाक्यं बोलेल. माझी गॅरंटी.” ऑटिझम बरा करणारं औषध नाही, हे मला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी मी ते ऐकलं, कारण मला ते ऐकायचं होतं.

प्रवेशाचे ६०,००० रुपये रोख, वर महिन्याला २२,०००. पावती हातात आली तर त्यावर ‘देणगी’. विचारलं तर म्हणाले, तुम्हालाच टॅक्समध्ये फायदा. नंतर एका सीएंनी सांगितलं की २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीला ती सवलतच मिळत नाही. फायदा त्यांचा होता: देणगी परत मागता येत नाही, असं पुढं आम्हाला तोंडावर ऐकवायला.

नियम असा की पहिले ४५ दिवस आईवडिलांनी यायचं नाही, “मुलाला सवय लागू दे.” आठवड्याला एक व्हिडिओ यायचा. तिसरा व्हिडिओ सासूबाईंनी दोनदा बघितला आणि म्हणाल्या, “अगं, गुडघ्याची पट्टी तीच आहे, तशीच अर्धी सुटलेली.” मागचे दोन काढून बघितले. तिन्ही एकाच दिवशी काढलेले.

दुसऱ्या दिवशी न सांगता गेलो. फाटक उघडायला अर्धा तास लावला. लेकरू दुपारी बाराला गाढ झोपेत, तोंडातून लाळ, हाक मारली तर डोळे उघडून परत मिटले. डॉक्टरांनी लिहून दिलेला रिस्पेरिडोनचा छोटा डोस त्यांनी स्वतःच बदलला होता, वर झोपेच्या गोळ्या. हे औषध चिडचिडीसाठी डॉक्टर देतात, पण वजन, झोप, साखर यांवर लक्ष ठेवून. तिथं लक्ष ठेवणारा डॉक्टरच नव्हता. ‘थेरपिस्ट’ मॅडमना भारतीय पुनर्वास परिषदेचा (दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या तज्ज्ञांची नोंदणी ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी क्रमांक विचारला, तर त्या आत निघून गेल्या.

घरी आणल्यावर गोळ्या एकदम बंद करू नका, हे डॉक्टरांनी बजावलं, आणि मग त्याचं तोंड उघडून बघितलं. दाढ किडली होती, आत पू. वर कित्येक दिवसांचं बद्धकोष्ठ. बोलता न येणारं पोर दुखणं दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगणार? दाढ काढली, पोट साफ झालं, आणि डोकं आपटणं निम्म्यावर आलं. आता आम्ही वहीत लिहितो: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय मिळालं. हे त्या केंद्रात एकानंही विचारलं नव्हतं.

भिंतीवरची ती सर्टिफिकेटं मी दुसऱ्यांदा नीट वाचली. एक धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी, एक शॉप अ‍ॅक्टचं, बाकी सत्काराची. यातलं एकही मुलं ठेवायची परवानगी देत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ५० प्रमाणे अशी संस्था चालवायला स्वतंत्र नोंदणी लागते. मानसोपचार केंद्र असेल तर मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ खाली. आणि या दुसऱ्या कायद्याखालच्या केंद्रात तर १८ वर्षांखालच्या मुलाबरोबर घरचं माणूस किंवा सोबती पूर्ण वेळ राहिलंच पाहिजे असं आहे. म्हणजे ‘४५ दिवस येऊ नका’ म्हणणाऱ्याला तिथंच ओळखता आलं असतं. मला माहीत असतं तर.

आम्ही पोलिसांत अर्ज दिला, जिल्हा परिषदेत दिला, जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार घातली आहे. तिथं दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आमच्या वेळी तिथं अठरा पोरं होती. त्यांच्यातल्या कुणाचे आईवडील हे वाचत असतील तर पावती फाडू नका, व्हिडिओ डिलीट करू नका. आणि आज दुपारीच जा, फोन न करता.